गांजाची नोंद आणि भ्रमणध्वनीवरील आधार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इ. स. १८९२ या एका वर्षात ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा, भांग वा चरस यांची नोंद झालेली होती. दोन वर्षांनी एका सरकारी आयोगाने या २२२ नोंदी एकेक करून तपासल्या, तेव्हा जेमतेम ९८ प्रकरणांत ही नोंद ग्राह्य धरता येईल, असा निष्कर्ष त्याला काढावा लागला. त्यांतही केवळ गांजादी पदार्थांकडे बोट दाखवता येईल अशी प्रकरणे ६१ होती. उरलेल्या ३७ प्रकरणांत त्यांच्या जोडीला अन्य कारणेही होती. मग बाकीच्या नोंदी आल्या कोठून? रुग्णाबरोबर इस्पितळात जो वर्णनपत्राचा कागद येई, त्यात 'कारण' असा एक रकाना असे. तो बहुधा पोलिसांकडून मिळालेल्या माहितीवर भरलेला असे. माणूस अनोळखी, त्याचे गाव ठाऊक नाही, नातलग कोणी नाहीत. परंतु तो गांजा ओढत होता एवढे कळले की रकाना भरता येत असे. इस्पितळातील डॉक्टर तीच नोंद पुढे आपल्या वहीत उतरवून घेत आणि वर्षाअखेरीस तिची आकडेवारी होई.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता या कागदापासून फार दूरचा वाटेल. गांजाचे अतिरिक्त सेवन करणाऱ्या तरुणांना भ्रमणध्वनीच्या साहाय्याने आधार देण्याचे जे प्रयत्न गेल्या वीसएक वर्षांत झाले, त्यांची पूर्वपीठिका येथे तपासावयाची आहे. या विषयावरील लेखन मुख्यतः वैद्यकीय नियतकालिकांतून होते आणि तेथे त्याचा इतिहास भ्रमणध्वनीच्या जन्मापासून सुरू होतो. तसे करणे अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गांजा ओढणाऱ्याचे बोलणे कोण ऐकतो, ते कोण लिहून घेतो आणि तो कागद पुढे कोणाच्या हाती जातो, या तीन प्रश्नांवर त्याला मिळणारी मदत भारतात नेहमीच अवलंबून राहिली आहे. भ्रमणध्वनीने हे प्रश्न मिटवलेले नाहीत. उलट ते अधिक निकडीचे केले आहेत.

'कारण' या रकान्याचा इतिहास

२ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात मद्यपानविरोधी चळवळीतले सदस्य डब्ल्यू. एस. केन यांनी बंगालमधील गांजाच्या लागवडीसंबंधी प्रश्न उपस्थित केला. त्यातून त्याच वर्षी जुलै महिन्यात हिंदुस्थान सरकारने जो आयोग नेमला तो 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' या नावाने ओळखला जातो. चौकशीची कक्षा बंगालपुरती न ठेवता सरकारने ती सर्व देशभर वाढवली. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते, आणि सदस्यांत राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंग व लाला निहालचंद असे तीन हिंदी गृहस्थ होते. सत्तर प्रश्नांची प्रश्नावली देशभर पाठविण्यात आली. बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर या लागवडीच्या प्रमुख मुलखांची माहिती गोळा झाली. एकंदर १,१९३ साक्षी झाल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल सिद्ध झाला.

या अहवालाचा निष्कर्ष सुपरिचित आहे. माफक सेवनाने सहसा हानी होत नाही, अतिरेकाने होते, आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व हितावहही नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. गांजाच्या समर्थकांनी गेल्या शतकभरात या निष्कर्षाचा मनसोक्त उपयोग करून घेतला आहे. त्यात त्यांची एक गफलत होते. आयोगाने माफक आणि अतिरेकी असा जो भेद केला, त्यातील दुसऱ्या गटाकडे ही मंडळी पाहतच नाहीत. वस्तुतः आयोगानंतरच्या काळात अतिरेकी सेवनाविषयीची शंका दृढ होत गेली आहे. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वीडनमधील ४५,५७० सैन्यभरतीच्या तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. भरतीच्या वयापर्यंत ज्यांनी गांजाचे भरमसाट सेवन केले होते, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सेवन न करणाऱ्यांच्या सहापट आढळले. यातील कार्यकारणभावाबद्दल वाद आहेत आणि ते संपलेले नाहीत. तथापि 'गांजाने काही होत नाही' हे वाक्य वसतिगृहांच्या गच्च्यांवर ज्या निश्चिंतपणे उच्चारले जाते, त्याला आधार नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अहवालाचे महत्त्व मात्र त्याच्या निष्कर्षापेक्षा त्याच्या साक्षीदारांच्या यादीत अधिक आहे. १,१९३ साक्षीदारांपैकी ४६७ मुलकी अधिकारी आणि २१४ वैद्यकीय अधिकारी होते. म्हणजे निम्म्याहून अधिक साक्षी अधिकाऱ्यांच्या. त्यांच्याखेरीज शेतकरी, व्यापारी, वैद्य, मिशनरी आणि वकील यांनाही विचारण्यात आले. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता, तो गांजेकस अहवालात बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या तोंडून बोलतो. त्याची भांगेची लोटी, त्याची चिलीम, मठ व तकिये यांतील त्याच्या बैठका यांचे वर्णन विस्ताराने येते. रात्री त्याला झोप येते की नाही, सोडावेसे वाटते की नाही, सोडल्यावर काय होते, हे सांगणारा त्याचा स्वतःचा आवाज मात्र शोधावा लागतो.

चिलमीविषयी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे, कारण ती पुढे उपयोगी पडणार आहे. गांजा ही आपल्याकडे क्वचितच एकट्याने करण्याची गोष्ट होती. चिलीम भरणारा एक, विस्तव ठेवणारा दुसरा, आणि मग ती हातोहात फिरायची. माणूस व्यसनात पडे तो या वर्तुळातून आणि बाहेर पडायचे तर त्याला या वर्तुळातूनच पडावे लागे. ज्याला ते जमले नाही त्याच्यासाठी समाजाजवळ एकच शब्द होता. 'तुळशीत भांग' या आपल्या वाक्प्रचारात भांग ही चांगल्या घराला लागलेला डाग म्हणून येते. भाषेनेच जेथे लाज आधी ठरवून टाकली आहे, तेथे मुलगा घरात बोलणार नाही, हे उघड आहे.

स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे काही राज्यांत परवानाधारक दुकानांतून गांजा मिळत होता. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पाने आणि बिया 'कॅनॅबिस'च्या व्याख्येबाहेर राहिल्या, आणि परंपरेने चालत आलेला अवैद्यकीय वापर थांबविण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपण्याआधी, १९८५ मध्ये, संसदेने अमली पदार्थविषयक कायदा केला व तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला. भांग सुटली, गांजा आणि चरस अडकले. होळीला सरकारमान्य दुकानातून भांग घेणारा गृहस्थ आणि त्याच झाडाचा शेंडा खिशात ठेवणारा विद्यार्थी यांच्यामध्ये कायद्याने अशी रेघ ओढली की जी वनस्पतिशास्त्राला फारशी समजणार नाही. गांजाच्या निव्वळ सेवनासाठी कलम २७ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. स्वखुशीने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ नंतरच्या दुरुस्तीने आले, हे कायद्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु त्या संरक्षणाचा लाभ घ्यायचा तर आधी आपण कोण हे सांगावे लागते. १८९२ चा 'कारण' हा रकाना आता गुन्ह्याच्या रकान्याला येऊन मिळाला.

नाव न सांगता बोलण्याची सोय

व्यसनमुक्तीच्या आधुनिक इतिहासात दूरध्वनी फार लवकर येतो. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी एका हॉटेलच्या दिवाणखान्यात बिल विल्सन नावाचा दलाल उभा होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते, ज्या व्यवहारासाठी तो आला होता तो फसला होता, आणि समोर हॉटेलातला गुत्ता होता. तेथे लावलेल्या चर्चच्या यादीवरून त्याने फोन करावयास सुरुवात केली आणि आपल्याला बोलायला एखादा दारुडा हवा आहे, अशी मागणी केली. त्या फोनांतून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली आणि पुढे 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना उभी राहिली. संघटनेच्या नावातच अनामिकता आहे. दुसरी घटना लंडनमधली. नोव्हेंबर १९५३ मध्ये चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये, आत्महत्येच्या विचारात असलेल्यांनी फोन करावा म्हणून, एक क्रमांक जाहीर केला. त्यातून 'समॅरिटन्स' ही संस्था निर्माण झाली. लवकरच व्हारा यांच्या ध्यानात आले की, तज्ज्ञाची वाट पाहत बसलेल्या माणसांना चहा देणारे आणि त्यांचे ऐकून घेणारे स्वयंसेवकच खरे काम करीत आहेत.

या दोन्ही प्रयोगांत यंत्राचा एक गुण कामी आला. त्या काळच्या दूरध्वनीला आवाज ऐकू येई, चेहरा दिसत नसे, आणि बोलणारा कोठून बोलतो हे पलीकडच्याला कळत नसे. आपल्याकडे ही सोय सर्वसामान्यांच्या हाती आली ती १९८० नंतरच्या सार्वजनिक दूरध्वनी केंद्रांमुळे. त्या पिवळ्या पाट्या, काचेची खोली, तांबड्या आकड्यांचे मीटर आणि रात्री दर कमी झाल्यावर बाहेर लागलेली रांग ही प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थिदशेतील नित्याची दृश्ये होत. घरचा फोन बैठकीच्या खोलीत असे आणि त्यावर बोललेले सर्वांना ऐकू जाई. दूरध्वनी केंद्रातल्या माणसाला मात्र तुमच्याशी काही देणेघेणे नसे. पाच-दहा रुपये मोजले की बोलणे संपले आणि माणूसही नाहीसा झाला. या केंद्रांचा सामाजिक इतिहास मराठीत अद्याप कोणी लिहिलेला नाही. लिहिला जाईल तेव्हा त्यात प्रेमिकांच्या बरोबरीने व्यसनी माणसांनाही स्थान द्यावे लागेल.

नेमक्या याच दशकात मुंबई-पुण्याला 'गर्द'चा, म्हणजे ब्राउन शुगरचा, विळखा पडला. अनिल अवचट यांनी त्यावर केलेले लेखन आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालेले मुक्तांगण हा मराठी वाचकांना परिचित असलेला इतिहास आहे. डॉ. अनिता अवचट यांचे वैद्यकीय व मानवी नेतृत्व आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांची देणगी यांशिवाय तो घडला नसता. मद्रासेत शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये असेच काम आरंभले होते. या सर्व केंद्रांची रचना दारू आणि गर्द यांना समोर ठेवून झाली, आणि ते स्वाभाविक होते. तेथे माणसे मरत होती. गांजेकस या काळात बाजूला राहिला. त्याला मरण समोर दिसत नव्हते, घरच्यांना तो 'नुसता गांजाच तर ओढतो' असा वाटे, आणि काही आठवडे निवासी उपचारासाठी नोकरी अथवा परीक्षा सोडून येण्याइतका तो स्वतःच्या मते आजारी नव्हता.

ही परिस्थिती पुढेही फारशी बदलली नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आदल्या वर्षभरात सुमारे ३.१ कोटी भारतीयांनी भांग, गांजा वा चरस यांपैकी काही घेतले होते. त्यांपैकी सुमारे ७२ लाख लोकांना त्यासंबंधी मदतीची गरज होती. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांत जेमतेम एकाला रुग्णालयात राहून उपचार मिळतो, असेही ही पाहणी सांगते. खाटांची संख्या वाढवून ७२ लाखांचा प्रश्न सुटणार नाही, हे मांडायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

खिशातला फोन

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांना भ्रमणध्वनीवरून फोन केला. त्या वेळी फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. २००३ पासून येणारे फोन फुकट झाले आणि दहा वर्षांच्या आत ज्याच्या खिशात फोन नाही असा विद्यार्थी दाखवणे कठीण झाले. 'मिस्ड कॉल' ही देणगी आपली आहे : एक पैसा न खर्चता आपण येथे आहोत, एवढे कळवणे. २०१६ मध्ये भारत सरकारने तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी जी लघुसंदेश-योजना आखली, तिची नोंदणी अशा एका मिस्ड कॉलनेच होत असे.

तंबाखूच्या बाबतीत या साधनाची परीक्षा आधीच झालेली होती. न्यूझीलंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १,७०५ धूम्रपान करणाऱ्यांपैकी ज्यांना नियमित लघुसंदेश मिळाले, त्यांच्यातील २८ टक्क्यांनी सहा आठवड्यांनंतर सोडल्याचे सांगितले. इतरांत हे प्रमाण १३ टक्के होते. सांगण्यावर किती विसंबावे, हा आक्षेप रास्त होता. २०११ मध्ये ब्रिटनमधील ५,८०० जणांच्या प्रयोगात सहा महिन्यांनी रासायनिक चाचणीही झाली आणि १०.७ टक्के विरुद्ध ४.९ टक्के असा फरक निघाला. आकडे लहान आहेत. पण एका संदेशाचा खर्च पाहता ते लहान म्हणून सोडून देता येत नाहीत.

गांजाच्या बाबतीत भ्रमणध्वनीला एक विशेष अनुकूलता आहे आणि ती वैद्यकीय स्वरूपाची आहे. अफूवर्गीय पदार्थ सोडविण्यासाठी औषधे आहेत, पण ती केंद्रात जाऊन देखरेखीखाली घ्यावी लागतात. गांजाची सवय सोडविणारे मान्यताप्राप्त औषध नाही. जो काही उपचार आहे तो मुख्यतः संभाषणाचा आहे : सोडावे असे का वाटते, केव्हा तलफ येते, तेव्हा काय करता येईल. आणि तलफ केव्हा येते? सतत ओढणारा जेव्हा थांबतो, तेव्हा दिवसभरातच चिडचिड सुरू होते, भूक मरते, झोप उडते. पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो आणि साधारण दोन आठवड्यांत जोर ओसरतो. अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या निदानसूचीत याची स्वतंत्र नोंद २०१३ मध्ये केली. गांजेकसाला ती केव्हाच ठाऊक होती. रात्री अडीच वाजता, बाह्यरुग्ण विभाग बंद असताना, घरची माणसे झोपली असताना जी एक वस्तू त्याच्या उशाशी जागी असते, ती फोन.

बॉस्टन येथील बालरुग्णालयात लिडिया श्रायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक छोटा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान तीनदा गांजा घेणारे १५ ते २४ वयाचे २७ तरुण त्यात होते. दोन समुपदेशन-भेटींनंतर दोन आठवडे हातातील उपकरण त्यांना दिवसातून अनेकदा अवचित विचारी : आता कोठे आहेस, सोबत कोण आहे, तलफ किती आहे? त्याने आधी सांगितलेल्या धोक्याच्या प्रसंगांपैकी एखादा समोर आला, तर स्वतःला सावरण्याचे त्याचेच विचार त्याच्यापुढे ठेवले जात. या पद्धतीचे मूळ १९७० नंतरच्या दशकात शिकागोत मिहाय चिकसेंटमिहाय यांनी शाळकरी मुलांना 'पेजर' देऊन केलेल्या दैनंदिन अनुभवांच्या अभ्यासात सापडते. मायकेल मेसन यांनी १८ ते २५ वयोगटासाठी आखलेली लघुसंदेश-पद्धत आणखी वेगळी आहे. तिचे सारे लक्ष मित्रांवर आणि जागांवर असते : कोणाबरोबर बसलास की ओढतोस, कोणाबरोबर ओढत नाहीस, आज त्यांपैकी कोणाला भेटणार आहेस? चिलमीच्या वर्तुळाविषयी वर जे म्हटले, ते येथे आठवावे. १८९४ च्या अहवालात मठ-तकिये म्हणून नोंदलेली गोष्टच या संशोधकांनी पुन्हा शोधून काढली. फरक एवढाच की आता प्रश्न खुद्द ओढणाऱ्यालाच विचारला जातो. ऑस्ट्रेलियात याहून साधा मार्ग चोखाळला गेला. तेथील गांजाविषयक हेल्पलाइनवरून फोनवरच चार सत्रांचा उपचार देण्याचा १६० जणांवरील प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचा उपयोग दिसून आला. या सर्व प्रयोगांचे फलित माफक आहे. सोडणारे थोडे, कमी करणारे अधिक.

भारतातील पुरावाही आशा ठेवण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्ट्रेलिया, ब्राझील, भारत व अमेरिका येथील ७३१ रुग्णांवर घेतलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्राथमिक आरोग्यसेवेतील एका छोट्या, साधारण पंधरा मिनिटांच्या संभाषणाने अमली पदार्थांचे सेवन कमी होते, असे भारतीय केंद्रावर दिसले. पंधरा मिनिटे ही फोनवर सहज बोलण्याची मुदत आहे. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी २०१५ मध्ये आला. आज त्याचा क्रमांक १४४४६ असा आहे. मानसिक आरोग्यासाठी 'टेली-मानस' १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर वीस भाषांतून उपलब्ध आहे. भाषेचा मुद्दा दुय्यम नव्हे. महाराष्ट्राबाहेर शिकणारा मराठी विद्यार्थी वर्गात इंग्रजी, मित्रांत हिंदी बोलतो. 'तलफ', 'हुरहूर', 'अंग मोडून येणे' हे मात्र त्याला मराठीतच सांगता येते. प्रश्नावल्यांचे भाषांतर करणाऱ्यांनी या शब्दांकडे पाहिले तर बरे होईल. 'लालसा' हा शब्द त्यांनी तलफेसाठी योजलेला पाहून प्रस्तुत लेखकाला काही काळ हसावे की रडावे हे कळले नव्हते.

तथापि तंबाखू आणि गांजा यांत एक भेद उरतो. तंबाखू सोडण्यासाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. गांजा येतो तो वर्तमानपत्राच्या पुडीतून अथवा प्लास्टिकच्या पिशवीतून. त्यावर कोण काय छापणार? मदतीचा क्रमांक ज्याला हवा त्याच्यापर्यंत पदार्थाबरोबर पोहोचत नाही; तो त्याला शोधावा लागतो, आणि तो शोधही फोनमध्येच उमटून राहतो.

येथे आपण पुन्हा त्या रकान्यापाशी येतो. सार्वजनिक दूरध्वनी केंद्रातला फोन कोणाचाच नव्हता. आजचे सिमकार्ड ओळखपत्रावर मिळते. फोनमध्ये माणसाचे मित्र, त्याचे फिरणे, त्याची देणीघेणी, त्याच्या रात्री साठलेल्या असतात. २०२० मध्ये मुंबईत चित्रपटव्यवसायाशी संबंधित अमली पदार्थ प्रकरणांत व्हॉट्सअ‍ॅपवरील जुने संवाद तपासाचा आधार झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादेत पोलीस रस्त्यावर तरुणांना थांबवून त्यांच्या फोनमधील संवादांत 'गांजा' हा शब्द शोधत असल्याच्या चित्रफिती व बातम्या प्रसिद्ध झाल्या. लोक सहकार्य करीत आहेत, असे पोलिसांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था आपल्या कक्षेत घेतल्या आणि कलम २३ अन्वये रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. परंतु हा हक्क समुपदेशकाच्या नोंदीला कवच देतो; रुग्णाच्या हातातल्या यंत्राला नाही. ज्याला दिवसातून चार वेळा 'आज ओढलास का?' असा संदेश येतो आणि जो प्रामाणिकपणे 'होय' असे उत्तर पाठवतो, त्याच्या खिशात त्याच्याच हातचा एक कबुलीजबाब तयार होत असतो. अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये तोफानसिंग खटल्यात दिला. कोणी न विचारता, बरे होण्यासाठी लिहिलेल्या उत्तरांचे काय, हा प्रश्न त्या खटल्यापुढे नव्हता.

परदेशातील प्रयोगांच्या अहवालांत संमतिपत्रे व गोपनीयतेची व्यवस्था काटेकोरपणे नमूद असते. आपल्याकडे अशी योजना आखताना संदेश पुसले जातील किंवा कसे, त्यांत पदार्थाचे नाव लिहावयाचे की नाही, उत्तर शब्दांत द्यावयाचे की नुसत्या आकड्याने, हे प्रश्न तांत्रिक म्हणून शेवटी टाकले जाण्याची भीती आहे. आपल्या परिस्थितीत त्यांचा विचार सर्वांत आधी व्हावयास हवा.

गेल्या हिवाळ्यात या विद्यापीठात एक विद्यार्थी दोनदा प्रबंधाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाच्या खोलीवर आला आणि दोन्ही वेळा प्रबंधाविषयी काहीच बोलला नाही. तिसऱ्यांदा आल्यावर त्याने झोप लागत नसल्याचे सांगितले, आणि मग का लागत नाही तेही. सोडून चार दिवस झाले होते. त्याला हेल्पलाइनविषयी सांगितले, तेथे मराठीत बोलता येते हेही सांगितले. त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "सर, फोन केला की त्यांना नंबर दिसतो ना?" या प्रश्नाला खात्रीचे उत्तर देण्याइतकी माहिती लेखकाजवळ नव्हती आणि खोटा धीर देणे बरोबर नव्हते. टेबलावरच्या कार्यालयीन दूरध्वनीकडे बोट दाखवून, हवे तर येथून बोल, मी बाहेर व्हरांड्यात थांबतो, एवढेच सांगता आले. बाहेर धुके होते. त्याचे बोलणे चाळीस मिनिटे चालले. जाताना त्याने तो क्रमांक एका चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि ती चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली; फोनमध्ये त्याने तो लिहिला नाही.